निबर कडब्याचा आळ

"कडबा हाय का खिळे? हरणीच्या तोंडात रुतत असतील!" धर्मापुरीच्या गोठ्यात साखराबाई गायीपुढच्या कडब्याकडे, म्हणजे माझ्याकडेच बघत पुटपुटली.

मित्रांनो, मी ज्वारीच्या ताटातला एक जुना विकर आहे. विकर म्हणजे पेशीतला कारागीर. डोळ्यांना दिसत नाही, पण बोलणी खायला पुरेसा मोठा. ताट हिरवं असताना मी एका रसायनाला हायड्रोजन जोडून पुढं धाडायचो. त्यातून लिग्निन नावाचा टणक पदार्थ बने आणि ताटाच्या भिंती घट्ट होत. वारं सुटलं तरी कणीस पेलून ताट उभं राही. "पीक कसं पैलवानावानी हाय!" साखराबाईचा नवरा मुंजाजी बांधावरून म्हणायचा. ते कौतुक माझं होतं. त्याला ठाऊक नव्हतं, ते सोडा.

पुढं ताट वाळलं, माझं काम थांबलं. भिंती तेवढ्या राहिल्या. आणि म्हातारी हरणी गाय तोंडातला चारा टाकू लागली, तसा सगळा आळ माझ्यावर आला. कडबा बारीक कुटला, मिठाच्या पाण्यात भिजवला. शेवटी सून उज्ज्वलानं मऊ चाऱ्याचं बियाणं आणून पट्टाभर पेरलं. त्या वाणात माझा भाऊबंद लुळा असतो, म्हणून लिग्निन कमी. पानाची मधली शीर तपकिरी, ताट मऊ. एका वाऱ्यात निम्मं लोळलं. उरलेलं हरणीपुढं टाकलं. तिनं तोही घास तोंडात घोळवला आणि ओला बोळा करून खाली टाकला. तिच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या.

मुंजाजी बाजारात दुसऱ्यांच्या जनावरांचे दात बघून वय सांगतो. लोक त्याला मुद्दाम बोलावून नेतात. घरच्या हरणीचा जबडा मात्र त्यानं तीन वर्षांत उघडला नव्हता.

"मामा, एकदा बघा तरी," उज्ज्वला म्हणाली.

त्यानं हात घातला. बराच वेळ तो हात तसाच राहिला. मग धोतराला पुसत म्हणाला, "कडबाच निबर हाय."

मला वाईट वाटलं, मित्रांनो. माझ्यासाठी नव्हे.

साखराबाईनं तो ओला बोळा उचलून त्याच्यापुढं धरला.

"अवं, कडब्याला कावून नावं ठेवायलात? मीबी तेच केलं. तिच्या दाढा गेल्यात. मला दिवाळीपासनं ठावं हाय, तुमाला त्याच्याबी आदीपासनं. आता चाऱ्याचं टोपलं तिच्यापुढं ढकलून निगून जाऊ नका. पिठाची पेज करू, हातानं भरवू, जवळ बसू. हरणी चालली आपली."