चौदा नंबरच्या ओंडक्यातली मागची जागा

मित्रांनो, मला सगळे ओंडका म्हणतात. मी हरकत घेत नाही. पण खरं सांगायचं तर माझा कोणत्याही झाडाशी दूरचासुद्धा संबंध नाही. मी फायबरचा आहे. टेक्सासमधल्या एका कारखान्यात एकाच साच्यातून आम्ही बावीस भावंडं निघालो. एका रंगाऱ्याने आमच्या अंगावर सालीच्या रेघा ओढल्या, गाठी रंगवल्या आणि एका गाठीशेजारी बदामाचं चिन्ह काढून त्यात दोन अक्षरं लिहिली. कुणा प्रेमिकांनी चाकूने कोरली आहेत असं वाटावं म्हणून. बावीसही ओंडक्यांवर तीच दोन अक्षरं. प्रेमाचं असं घाऊक उत्पादन मी जन्मतःच पाहिलं, त्यामुळे पुढच्या आयुष्यात त्या विषयात मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. एकदाच वाटलं. तेच सांगायचं आहे.

फ्लोरिडातल्या एका मोठ्या रिसॉर्टच्या थीम पार्कात मी चौदा नंबरचा ओंडका म्हणून रुजू झालो. काम सोपं होतं. पाण्याच्या अरुंद पाटातून वाहत जायचं, साखळीने खडक-खडक करत उंच चढण चढायची, वर क्षणभर थांबायचं आणि मग उतारावरून खाली कोसळून सगळ्यांना भिजवायचं. कोसळताना एक कॅमेरा फोटो काढतो. मग धक्क्याला लागायचं. माणसं माझ्यात घोड्यावर बसतात तशी एकामागे एक बसत. हलकं माणूस पुढे, जड मागे. हा नियम नवराबायकोच्या वजनाबद्दल फार काही बोलून जायचा. पण ते असो.

माझ्या तरुणपणी, एका मे महिन्यात, लॉर्ना आणि ग्लेन आले. ओहायोचे. लग्नाला चार दिवस झालेले. ती पुढे बसली, तो मागे. अर्धी चढण झाल्यावर ती म्हणाली, "ग्लेन, मला उतरायचंय."

"इथून एकाच बाजूने उतरता येतं, आणि तिकडेच चाललोय आपण."

"मस्करी नकोय. मला ते खालचं बघायचंच नाही."

"मग नको बघूस," तो म्हणाला, आणि मागून त्याने दोन्ही तळहात तिच्या डोळ्यांवर ठेवले.

"ई, तुझ्या हातांना वंगणाचा वास येतोय."

"लग्नाला घासून धुतले होते. रोज कोण धुणार?"

ग्लेन घरोघरच्या खोल्या गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा. तो वास त्याच्या हातांतून कधीच गेला नाही. धक्क्यावरच्या पडद्यावर फोटो आला. त्यात तिला डोळे नव्हते, दोन काळपट हात होते आणि त्यांच्याखाली हसणारं तोंड. मागे ग्लेन, त्याचेही डोळे गच्च मिटलेले. म्हणजे त्या दिवशी तो उतार दोघांपैकी कुणीच पाहिला नव्हता. लग्न असंच लागतं, असं मला नंतर आधीच्या नंबरांच्या ओंडक्यांनी समजावलं.

पुढे ती दोघं दर मे महिन्यात यायची. चौदा नंबर येईपर्यंत बाजूला उभी राहायची आणि दरवर्षी उतारावर ग्लेन तिचे डोळे झाकायचा. मुलगी झाली, केल्सी. ती मधे बसू लागली. तिच्या डोक्यावरून हात लांब करून ग्लेनने झाकण्याचं काम चालूच ठेवलं. फोटोत तेव्हा तो शिडीवरून बल्ब बदलणाऱ्या माणसासारखा दिसायचा. मला त्या कुटुंबाचा अभिमान वाटे. ओंडक्यालाही गिऱ्हाईक ठरलेलं असलं की बरं वाटतं.

मग ग्लेनचा गुडघा दुखू लागला. एका वर्षी तो कठड्यापाशी पिशव्या धरून उभा राहिला. पुढल्या वर्षी म्हणाला, हॉटेलातच थांबतो, टीव्हीवर बेसबॉलचा सामना आहे. केल्सी मोठी झाली, कोलोरॅडोला राहायला गेली. नंतरची काही वर्षं कुणीच आलं नाही. मी हे अंतर मोजून सांगू शकतो, मित्रांनो. आधी शून्य. मग कठड्यापर्यंत चाळीस फूट. मग हॉटेलापर्यंत दीड मैल. शेवटी ओहायो, साडेनऊशे मैल. यात एकदाही भांडण झालं नाही. मी तरी ऐकलं नाही.

माझंही तसंच झालं. पूर्वी दर हिवाळ्यात मला कोरडं करून तपासत, चिरा भरत, रंग देत. नंतर साहेब बदलले. पोटाखाली केसाएवढी चीर पडली तेव्हा मिस्त्रीने ती दाखवली. साहेब म्हणाले, "तरंगतोय ना?" मिस्त्री म्हणाला, "तरंगतोय." "मग?" या "मग"ला उत्तर नसतं. चीर वाढत गेली. शेवटी एका वसंतात पाटी लागली की महिनाअखेर ही राइड कायमची बंद होणार. त्या जागेवर काहीतरी सिनेमाच्या पडद्यांचं येणार होतं, ज्यात कुणी भिजत नाही.

त्याच मे महिन्यात, एका सोमवारी, लॉर्ना आली. एकटी.

आमच्या धक्क्यावर माणसांना बसवायला मिस ओडेसा होत्या. बहात्तर वर्षांच्या, गुडघ्यांना पट्टे, आवाज बिगुलासारखा. त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "किती जण?"

"दोन," लॉर्ना म्हणाली.

ओडेसाबाईंनी दोन बोटं वर केली, तिच्या मागे पाहिलं, तिच्या बाजूला पाहिलं, आणि बोटं हळूच खाली घेतली. "दुसरं माणूस स्वच्छतागृहात आहे का, बाळा?"

"नाही. ओहायोत आहे." मग ती कानापर्यंत लाल झाली. "सवयीने म्हटलं गेलं. मी एकटीच आहे. पहिल्यांदाच."

"नवरा आहे ना?"

"आहे. धडधाकट आहे. मी म्हटलं, आपला ओंडका बंद होतोय, शेवटचं जाऊन येऊ. तर म्हणाला, तू जा. मला काय त्याचं."

"आणि तू आलीस. शहाणी."

लॉर्ना पुढे बसली. मागची जागा रिकामी. बोलण्यासारखं कुणी नसेल म्हणून की काय, ती चढणीवर स्वतःचेच हात डोळ्यांवर ठेवून बसली. मी हलका होतो, त्यामुळे पाणीही धड उडालं नाही.

ती रोज संध्याकाळी पाचला येऊ लागली, दुपारची वीज-पावसाची सर ओसरली की. चौदा नंबर येईपर्यंत ओडेसाबाईंशी बोलत थांबायची. त्या बोलण्यातूनच मला सगळं कळलं. येण्याआधी तिने नूडल्स, ट्यूना मासा आणि चीजचे पसरट डबे भरून फ्रीजरमध्ये रचले होते. प्रत्येकावर वाराची चिठ्ठी. ओव्हनमध्ये ढकलायचं, की जेवण तयार. रविवार ते शुक्रवार, सहा डबे.

"शनिवारचा?" ओडेसाबाईंनी विचारलं.

"शनिवारी मला परत जायचंय. म्हणजे, जायचं की नाही ते ठरायचंय." लॉर्नाने गळ्यातली पाण्यात न भिजणारी पिशवी चाचपली, आत फोन होता. "त्याला सांगितलं नाही मी. पण मनाशी ठरवलंय. या आठवड्यात त्याने एकदा विचारावं. 'तिकडे कसं वाटतंय तुला?' एवढंच. एकदा विचारलं, की मी घरी जाईन आणि परत कधी हा विषय काढणार नाही."

"आणि फोन करतो का?"

"रोज करतो. पाचला."

"माझाही नवरा पाचलाच माझी आठवण काढायचा," ओडेसाबाई म्हणाल्या. "पोटातून यायची ती."

सोमवारी त्याने विचारलं, ओव्हन किती अंशांवर. मंगळवारी विचारलं, झाकण काढायचं की ठेवायचं. बुधवारी, सुरी कुठे आहे. गुरुवारी, कचऱ्याची गाडी कधी येते. प्रत्येक वेळी लॉर्ना उत्तर देऊन थोडं थांबायची. पलीकडून "बरं" यायचं आणि फोन बंद.

आमच्याकडे, मित्रांनो, एक नियम आहे. धक्क्यावर उतरवणाऱ्याने प्रत्येक पाहुण्याला "कसं वाटलं?" विचारायचंच. छापील पुस्तकात तसं लिहिलं आहे. आमच्याकडे हे काम कर्टिस नावाच्या निवृत्त विमा एजंटाकडे होतं. दिवसातून हजार वेळा तो ते विचारी, उत्तराची वाट न पाहता, विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरं वाचावीत तसं. लोकही ओल्या चपला वाजवत निघून जात.

शुक्रवारी लॉर्ना उशिरा आली. ओडेसाबाईंनी विचारलं, "किती जण?"

"दोन," ती म्हणाली, आणि हसली. "आजचा दिवस असू दे. अजून वाजला नाही फोन."

अर्ध्या चढणीवर तो वाजला. पिशवीतूनच बोलायचं म्हणून तिने आवाज मोठा केला होता. मला सगळं ऐकू आलं.

"लॉर्ना, अगं, शुक्रवारचा डबा सापडत नाहीये."

"गुरुवारच्या खाली आहे."

"गुरुवारचा मी खाल्लाच नाही. बाहेरून मागवलं. हां, सापडला."

"ग्लेन."

"काय?"

"हा आवाज ऐक जरा." तिने पिशवी माझ्या काठाबाहेर धरली, साखळीजवळ. खडक-खडक, खडक-खडक. पंचवीस वर्षांपूर्वी याच आवाजावर तिने उतरायचं म्हटलं होतं. "ओळख."

मला वाटलं, आता ओळखेल. मी साखळीला जमेल तेवढं घट्ट धरून होतो. असा आवाज मी आयुष्यात मन लावून काढला नव्हता.

"डिशवॉशर का?" ग्लेन म्हणाला. "बिघडलाय वाटतं. तिथल्या माणसाला सांग, खालचा पंखा अडकलाय."

"हो," लॉर्ना म्हणाली. "सांगते."

"बरं."

आम्ही वर पोहोचलो. क्षणभर थांबलो. तिने हात डोळ्यांकडे नेले नाहीत, मांडीवर ठेवले. उघड्या डोळ्यांनी तिने तो उतार आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि कोसळायच्या आधी हळू आवाजात म्हणाली, "एवढाच होता?"

धक्क्याला लागलो. कर्टिसने कुंपणाकडे बघत म्हटलं, "कसं वाटलं?"

आणि ती उत्तर देऊ लागली.

उठलीच नाही. ओल्या केसांनी बसून सांगत राहिली. की उतार छोटा आहे. की इतकी वर्षं ती उगाच घाबरत होती, पण घाबरायला फार छान वाटायचं, कारण वंगणाचा वास यायचा. की कुणी मागे बसलेलं नसलं की पाठीला गार लागतं, हे कुणी सांगत नाही. की ती उद्या घरी जाणार नाही, केल्सीकडे जाईल. हे ती घरात कुणी गेल्याचं कळवावं त्या आवाजात म्हणाली. मग रडू आवरेना तिला. "सॉरी," ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत म्हणून."

कर्टिसच्या पुस्तकात पुढचं काही छापलेलं नव्हतं. तो खाली वाकला आणि माझ्या काठावर हात ठेवून तसाच उभा राहिला. मागून पंधरा आणि सोळा येऊन मला धडकले. ओडेसाबाईंनी लाल बटण दाबलं, राइड थांबली, तांत्रिक कारण असल्याची घोषणा झाली. थांबवल्याची नोंद करावी लागते. पाटात बदकं शिरली की आम्ही थांबतोच. ओडेसाबाईंनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'बदक'. अकरा मिनिटं. माझ्या अख्ख्या नोकरीत एवढा वेळ माझ्यात कुणी बसलं नव्हतं.

नऊ दिवसांनी, राइडच्या शेवटच्या रविवारी, एक जाडसर माणूस लंगडत रांगेत आला. त्याने चार ओंडके जाऊ दिले. डोळ्यांनी मला तो ओळखू आला नसता, इतका तो पिकला होता. पण त्याने काठाला धरलं आणि मला वास आला.

"किती जण?" ओडेसाबाईंनी विचारलं.

"दोन," ग्लेन म्हणाला. मग त्याने पुढच्या जागेकडे पाहिलं. "ती पुढे बसते."

ओडेसाबाईंनी त्याला मागे बसवलं आणि पुढची जागा रिकामी सोडली. वर केलेल्या दोन बोटांपैकी दुसरं बोट त्यांनी या वेळी खाली घेतलं नाही.

साखळी लागली. खडक-खडक. पहिल्या दहा फुटांतच तो म्हणाला, "डिशवॉशर." कुणाला नाही, असाच. कोसळताना त्याने दोन्ही हात पुढे केले. पडद्यावर फोटो आला, त्यात मागच्या जागेवर एक म्हातारा, डोळे टक्क उघडे, आणि त्याचे दोन काळपट तळहात हवेत, एका चेहऱ्याएवढ्या अंतरावर, कशावरच नाही.

कर्टिसने विचारलं, "कसं वाटलं?" त्या शुक्रवारपासून तो थांबून विचारू लागला होता.

ग्लेन म्हणाला, "माझी बायको आली होती इथे. फोन उचलत नाही. तिला... तिला कसं वाटलं होतं?"

कर्टिसने ओडेसाबाईंकडे पाहिलं. त्या पट्टा बांधलेला गुडघा सावरत आल्या आणि ग्लेनला हात देऊन त्यांनी बाहेर काढलं.

"ते तिलाच विचारायचं होतं, राजा," त्या म्हणाल्या.

आता मी रिसॉर्टच्या मागच्या दाराशी आहे. माझ्या पोटात माती भरून त्यात पेटुनिया लावल्या आहेत. चिरेतून जादा पाणी निघून जातं. माळी म्हणतो, कुंडीला भोक असलेलं बरंच. जे कुणी वेळेवर बुजवलं नाही ते असं कामाला येतं. बदामातली दोन अक्षरं अजून पुसट दिसतात. ती कुणाचीच नाहीत.

मित्रांनो, ओंडक्याच्या सल्ल्याला कोण विचारतो, पण तुम्ही एवढं करा. घरातलं माणूस बाहेरून आलं, मग ते साडेनऊशे मैलांवरून येवो की कोपऱ्यावरून भाजी घेऊन, की त्याला आधी विचारा, कसं वाटलं. आणि विचारून थांबा. मागून दोन-चार ओंडके येऊन धडकले तर धडकू द्या.

डब्याची काळजी करू नका. तो गुरुवारच्या खालीच असतो.