सतरा नंबरचं सोनं

रविवार, १२ ऑक्टोबर १९८६. सकाळी सव्वासात वाजता श्रीरंगने टसी डोंगराच्या माथ्याजवळच्या एका झाडाच्या दोन फांद्यांवरची पानं खुडून पिशवीत भरली आणि सायकलवरून डोंगर उतरून गेला. दसरा होता.

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावात आपटा मिळत नाही. आदल्या वर्षी मराठी विद्यार्थ्यांनी पिवळ्या कागदाची पानं कापून सोनं वाटलं होतं, आणि त्यावरून, दर दसऱ्याला त्यांना जेवायला बोलावणाऱ्या सरलाकाकूंनी बरंच ऐकवलं होतं. डोंगरावरच्या या झाडाला इथे रेडबड म्हणतात. त्याचं पान बदामाच्या आकाराचं, आपट्यासारखं दुभंगलेलं नसतं. पण ऑक्टोबरात ते पिवळंधमक होतं. श्रीरंगला तेवढं पुरेसं होतं.

नऊ वाजता सुमेधा त्याच झाडापाशी पोचली. डोंगरात जसजसं वर जावं, तसतशी पानं किती दिवस आधी रंग बदलतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी तिने पाच उंचींवरची पाच झाडं निवडली होती. प्रत्येक झाडाच्या चोवीस पानांवर मागच्या बाजूला बारीक काळ्या शाईने आकडे घातले होते. दर रविवारी ती एकेक पान रंगांच्या तक्त्याशी ताडून पाहून नोंद करी. तिसरं आणि शेवटचं वर्ष होतं. सर्वांत वरच्या या झाडाची ही शेवटची नोंद चुकली, तर पुढच्या ऑक्टोबरपर्यंत थांबणं भाग होतं.

फांद्या मोकळ्या होत्या. हरणांनी खाल्लं म्हणावं, तर देठ चावलेले नव्हते, नीट मोडलेले होते. तिने वहीत लिहिलं : झाड पाच, पानं नाहीत.

सरलाकाकूंच्या घरी ती बारा वाजता पोचली तेव्हा जेवणाची पानं मांडणं चाललं होतं.

"काय गं, सणाच्या दिवशी असा चेहरा?" काकूंनी विचारलं.

"काकू, माझं वर्ष गेलं."

ती पुढे सांगणार, तोच श्रीरंगने तिच्या हातात एक पान ठेवलं. "सोनं घे, सोन्यासारखी राहा. या वर्षी कागद नाही यार, खरं झाड शोधलंय."

सुमेधाने पान उलटं केलं. मागे आकडा होता : १७.

"हे कुठून आणलंस?"

"डोंगरावरून. का?"

"खोडाला लाल दोरा होता?"

"होता ना! मला वाटलं, कुणीतरी आधीच पूजा करून गेलंय. म्हणून तर तेच झाड घेतलं."

"आणि मागचे आकडे?"

"अंधुक होतं गं. वाटलं कीड असेल."

"सतरा नंबरची कीड?" काकू म्हणाल्या, आणि खोलीत हशा पिकला.

सुमेधा हसली नाही. ती घड्याळ बघत होती. "किती वाजता तोडलीस?"

"सव्वासात. एकदम नक्की. फुलं घेऊन नऊला ये म्हणाल्या होत्या काकू, म्हणून घड्याळ बघितलं."

पाच तास होत आले होते. एवढ्या वेळात रंग फारसा फिरत नाही.

"सगळ्यांनी सोनं परत द्या," काकूंनी फर्मावलं. "अशी वेळ माझ्यावरही पहिल्यांदाच येतेय."

पाकिटांतून, पर्समधून, देवाच्या तसबिरीपुढून पानं परत आली. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली गेली आणि आकड्यांची पानं ओळीने मांडली गेली. तक्ता सुमेधाच्या पिशवीत होताच. दीड वाजेपर्यंत तेवीस नोंदी झाल्या. नऊ नंबर सापडेना.

"माझ्याकडे होतं," श्रीरंगचा रूममेट विनय म्हणाला. "आईच्या पत्रात घालून सकाळीच पोस्ट केलं. नागपूरला."

सोमवारी टपाल कचेरीला सुट्टी होती; मंगळवारी तिघं तिथे गेले, तेव्हा पेटी रिकामी झाली होती. विनयने त्याच दिवशी आईला दुसरं पत्र लिहिलं : पान परत पाठव.

सुमेधाच्या गाईडने सगळं ऐकून घेतलं आणि पानं कुणी व केव्हा तोडली हे लेखी मागितलं. श्रीरंगने तीन ओळी लिहून सही केली. तोडलेल्या पानांवरची नोंद धरायची की नाही, हे समितीने ठरवायचं होतं. बैठक ५ डिसेंबरला. तोवर नऊ नंबरची ओळ कोरी ठेवा, असं गाईडने सांगितलं.

पुढच्या रविवारी सुमेधा डोंगरावर गेली तेव्हा तिची पिशवी श्रीरंगच्या खांद्यावर होती. प्रत्येक मोडलेल्या देठाशी एक तपकिरी कोंब होता, तांदळाएवढा. तिने भिंगातून एकेक तपासला. चोवीसही शाबूत होते.

"पुढच्या वर्षीची पानं," ती म्हणाली.

"म्हणजे मी सुटलो?"

"खटला चालू आहे. दोरा धर."

दोरा नवा बांधला. खाली श्रीरंगने पुठ्ठा लटकवला. त्यावर इंग्रजीत पानं तोडू नका असं लिहिलं होतं, आणि त्याखाली मराठीत : पूजा केलेली नाही.

२४ नोव्हेंबरला नागपूरहून उत्तर आलं. पान देव्हाऱ्यात आहे, रंग अजून पिवळा आहे, मागे नऊचा आकडा स्पष्ट दिसतो. ते परत पाठवायचं की नाही, हे विनयच्या आईने अजून ठरवलेलं नाही.