रांजणावरची मच्छरदाणी

नर डास चावत नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. म्हणून सारून मावशीच्या घरातून पकडून आणलेल्या दहा नरांमध्ये डेंग्यूचा विषाणू सापडला, तेव्हा कंबोडियातल्या कंपोंग चामच्या प्रयोगशाळेत रित्थीसाहेब माझ्यावरच घसरले.

“नळ्या धुतल्या होत्यास का बाई? की प्राहोकची आंबवलेली मासळी खाल्लेला हात तसाच घातलास?”

मी चिडून दुसरे दहा नर बर्फावर मांडले, नराची खूण असलेल्या झुपकेदार मिशा एकेक करून तपासल्या आणि चाचणी पुन्हा लावली. पुन्हा तेच. डेंग्यू, प्रकार तिसरा. साहेबांची थट्टा तिथेच थांबली. जो रक्तच पीत नाही, त्याच्यात विषाणू आला तो आईकडून, अंड्यातूनच. गावात तर पाच महिन्यांत कुणाला ताप नव्हता. शेवटची गेली ती मावशीची थोरली, नऊ वर्षांची काल्यान. तिलाही तिसराच झाला होता.

सकाळी मी एकटीच मावशीकडे गेले. खांबांवर उभ्या घराखाली मच्छरदाणी टांगलेली होती. आत मातीचा रांजण आणि त्याला टेकून बसलेली मावशी. काल्यान अंघोळीला याच रांजणातलं पाणी डोक्यावर ओतून घ्यायची. ती गेल्यापासून तो कोरडा होता, मावशी कुणाला हात लावू देत नव्हती. नववर्षाला तिनेच तो काठोकाठ भरला. आतल्या बाजूला चिकटलेली अंडी इतके महिने पाण्याचीच वाट बघत होती.

जाळीतून बारीक गुणगुण येत होती. डासांत आयुष्य काढलेल्या माझ्या अंगावर काटा आला.

“मावशी, बाहेर या.”

“हळू बोल गं. आत्ताच आलीय ती.”

“कोण?”

“ऐक ना! कानाशी येऊन अशीच गुणगुणायची. पाणी भरलं आणि दहाव्या दिवशी परत आली बघ.” तिचे दंड लाल गांधींनी भरले होते.

मला राग आला, रडूही आलं. “तिला ज्या तापानं नेलं, तोच आहे यांच्यात. तोच!”

वाटलं, आता उठेल. तिचा चेहरा उजळला. “तोच ना? म्हणजे तिच्याच अंगातला!”

“आणि धाकटी पीसेय? चार वर्षांची आहे ती. जाळी तिच्यावर टाका. कुठाय ती?”

“झोळीत निजलीय.”

झोळी रिकामी होती. रांजणामागून, जाळीच्या आतून, पीसेय पाय खाजवत पुढे आली.

“आई, ताई मलापण चावते.”

मावशीने तिच्या पायांवरही तशाच लाल गांधी बघितल्या. मग तिने पोरीला माझ्या अंगावर ढकललं, मुसळ आणलं आणि रांजण फोडला. जाळीतले डास तिने स्वतःच्या हातांनी चिरडले. प्रत्येक टाळीला म्हणत होती, “जा बाळा, जा आता.”

डास चावल्यावर ताप येतो का, याची दहा दिवस वाट बघायची असते. मी रोज जाते, पीसेयच्या कपाळाला हात लावते. आज सहावा दिवस.