मधल्या जागेची बाटली

"अरे, ती बाटली आडवी नको ठेवूस! अपशकून होतो," व्हर्लिन ओरडला.

"अपशकून कसला डोंबलाचा! झाकण गळतंय तिचं," असे म्हणत बर्लने केचपची बाटली कागदी रुमालाने पुसली आणि पुन्हा टेबलाच्या मध्यभागी उभी केली.

ती बाटली म्हणजे मॅलिक प्रुइट. वय एकोणीस, उंची सहा फूट दहा इंच, थॉर्नबरी कॉलेजच्या बास्केटबॉल संघात मधल्या जागेवर खेळणारा, कॉलेजचे पहिले वर्ष नुकतेच संपवलेला. मिठाची आणि मिऱ्याची डबी हे दोन चपळ गडी, साखरेचे भांडे हा रुंद खांद्यांचा, आणि पाकाची बरणी हा गुणी पण संथ. मोहरीच्या चटणीची पिवळी बाटली राखीव म्हणून खिडकीच्या कडेला बसलेली असे. दर गुरुवारी सकाळी नेडाच्या खानावळीत आम्ही चौघे जमत असू आणि प्रत्येकाने आळीपाळीने पुढच्या मोसमाचे पाच खेळाडू टेबलावर मांडावेत, असा नियम होता. मांडणीवर इतरांनी वाटेल तसे तोंडसुख घ्यावे, हा दुसरा नियम.

मोसम मार्चमध्ये संपतो आणि नोव्हेंबरात सुरू होतो. मधल्या काळात इंडियाना राज्याच्या दक्षिण भागात मका पेरणे आणि पुढच्या मोसमाविषयी बोलणे ही दोनच कामे असतात. त्यातल्या पहिल्याला निदान पाऊस तरी लागतो.

"हा पोरगा आपल्याला राष्ट्रीय स्पर्धेत नेणार," व्हर्लिन बाटलीच्या खांद्यावर थोपटत म्हणाला. तो चाळीस वर्षे न्हावी होता. समोरच्याला मान हलवता येत नसताना बोलत राहण्याची सवय त्याला तिथेच लागली असावी. "माझा शब्द आहे."

"नेईल की! पण कुणाला नेईल? मोठी कॉलेजं पैशाच्या थैल्या घेऊन टपलीत. उन्हाळ्याआधी उचलतात बघ त्याला," बर्ल म्हणाला.

"तो नाही जायचा. त्याच्या आजीशी बोललोय मी. पार्किंगमध्ये."

"आजीला कोण विचारतो हल्ली? आणि राहिला तरी काय? फ्री थ्रो मारतो तेव्हा वाटतं, रिंगशी जुनं भांडण आहे ह्याचं."

"शेवटच्या महिन्यात सुधारला होता की नाही? मास्तर, तुम्ही सांगा."

मी गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. म्हणून हे लोक मला मास्तर म्हणतात आणि माझे म्हणणे ऐकत नाहीत. "एका महिन्यावरून अख्खं वर्ष सांगता येत नाही," मी म्हणालो. "नमुना लहान आहे."

"तुमचा नमुना जन्मभर लहानच आहे, मास्तर. कॉफी घ्या."

एरवी या ठिकाणी लोरीन बोलली असती. मॅलिकचा डावा हात फक्त पोरींना टाटा करायला दिलेला आहे, हे तिचेच वाक्य. आमच्यात खेळ खऱ्या अर्थाने कळत असेल तर तिला, हे मी पुराव्यानिशी सांगू शकतो. त्या दिवशी मात्र ती भिंतीला टेकून कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून बसली होती आणि बाटलीकडे पाहण्याचे टाळत होती. ही माझी पहिली नोंद.

लोरीन गावच्या इस्पितळात एक्स-रे काढते. तीस वर्षांहून अधिक काळ. गावातल्या निम्म्या माणसांना तिने आतून पाहिले आहे. माझा खुबा, बर्लच्या फासळ्या, नेडाचे मनगट. चित्र काढून झाले की माणूस उठता उठता विचारतोच, "काय दिसलं गं?" त्यावर तिचे एकच उत्तर ठरलेले, "डॉक्टर सांगतील." हाडे बघणाऱ्याने हाडांविषयी बोलायचे नाही, असा तिच्या कामाचा दंडक आहे. आमच्या टेबलावर त्या वाक्याचा विनोद झाला होता. पाऊस पडेल का? डॉक्टर सांगतील. बर्लची बायको त्याला परत घरात घेईल का? डॉक्टर सांगतील. ते म्हणण्यात लोरीनच सर्वांच्या पुढे असे.

व्हर्लिन मात्र त्या विनोदाला हसत नसे. लोरीनचा नवरा कार्ल हा त्याचा थोरला भाऊ. कार्लचा खोकला थांबेना तेव्हा एका शुक्रवारी त्याच्या छातीचे चित्र काढायची पाळी तिच्यावरच आली. दुसरे कोणी कामावर नव्हते. कार्लनेही नेहमीचा प्रश्न विचारला आणि तिनेही नेहमीचे उत्तर दिले. रविवारी व्हर्लिनचे सारे कुटुंब त्यांच्याकडे जेवायला होते. लोरीनने कोंबडी तळली, पुढच्या उन्हाळ्यात तळ्यावर कुठली खोली घ्यायची यावर कार्लशी वाद घातला, आणि सोमवारी डॉक्टरांनी सांगितले. कार्ल वसंतापर्यंत जगला. "तू समोर बसून मला बटाटे वाढत होतीस," व्हर्लिन दफनानंतर म्हणाला होता, "आणि तुला माहीत होतं." त्यानंतर दोन वर्षे तो तिच्याशी बोलला नाही. त्याला पुन्हा या टेबलावर आणले ते बास्केटबॉलने. म्हणून या खेळाविषयी मी फार कुत्सितपणे बोलत नाही.

"एक गंमत सांगतो," बर्लने आवाज उतरवला. तो घरोघर गॅसच्या टाक्या भरत फिरतो आणि संध्याकाळी रेडिओच्या क्रीडा कार्यक्रमाला फोन करून जे पाहिले त्याच्या दुप्पट सांगतो. "काल इस्पितळाच्या मागच्या अंगाला टाकी भरत होतो. कॉलेजची गाडी आली. मागच्या दारातून एक पोरगा उतरला. वाकूनसुद्धा डोकं आपटलं त्याचं."

"मॅलिक?" व्हर्लिन सरळ बसला.

"डोक्यावर टोपी ओढलेली. पण तेवढा उंच गावात दुसरा कोण? पाण्याची टाकी?"

"लंगडत होता?"

"लंगडत नव्हता. जपून चालत होता. त्यात फरक असतो." मग बर्ल वळला. "लोरीन, काल तू होतीस ना गं कामावर?"

"बुधवारी असतेच मी."

"मग?"

"मग काय? रोज कुणी ना कुणी येतंच."

तिने "डॉक्टर सांगतील" म्हटले नाही. ही माझी दुसरी नोंद. जे वाक्य ती पावसाबद्दल आणि बर्लच्या बायकोबद्दल सहज फेकत असे, ते त्या क्षणी तिला वापरता येत नव्हते. डॉक्टरांजवळ सांगण्यासारखे काही आहे, एवढे तरी त्यातून कबूल झाले असते.

"बरं, तोंडाने नको बोलूस," बर्ल खुशीत येऊन म्हणाला. "नोकरी जाईल तुझी, ते नकोच. पण पाच मांडायला कुठल्या कायद्याची बंदी नाही. तुझीच पाळी आहे. मांड."

सापळा फारच चांगला होता. बर्लच्या हातून एवढी सुबक रचना झालेली मी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. बाटली मध्ये ठेवली तर ते खोटे ठरण्याची शक्यता होती. बाटली बाजूला सारली तर संध्याकाळपर्यंत रेडिओवरून साऱ्या जिल्ह्याला कळले असते, आणि बातमी कुठून फुटली हे शोधायला इस्पितळाला वेळ लागला नसता. मांडायला नकार दिला तर तोही एक जबाबच. आणि समोर व्हर्लिन बसला होता. तो बाटलीकडे पाहत नव्हता. लोरीनकडे पाहत होता.

तिने कप खाली ठेवला. मीठ मांडले, मिरे मांडले, साखरेचे भांडे अर्धी वीत पुढे सरकवले. पाकाची बरणी कोपऱ्यात. मग तिने केचपची बाटली उचलली. क्षणभर हात तसाच राहिला. मला कुतूहल होते, हे मान्य करतो. माणसाबद्दल वाटावे तसे नव्हे, परीक्षानळीत थेंब पडण्याआधी वाटते तसे.

लोरीनने झाकण काढले, बाटली आपल्या ताटावर उलटी केली आणि बुडावर तळव्याने धपकन मारले.

"अगं, अगं! तो मधला गडी आहे!" बर्ल किंचाळला.

"असू दे. माझ्या बटाट्यांना लागतो," ती म्हणाली, आणि आणखी एक तडाखा दिला. किसून परतलेल्या बटाट्यांवर लाल डोंगर झाला.

व्हर्लिन हसला. खळखळून, खांदे हलवत. "खाऊन टाकला! अख्खा मधला गडी खाऊन टाकला बाईने! नेडा, दुसरा गडी आण गं!" नेडा नवी बाटली घेऊन आली तोवर बर्ल रेडिओवर हा किस्सा कसा सांगायचा याची तालीम करू लागला होता, आणि इस्पितळाची मागची बाजू मागे पडली.

मी हसलो नाही, कारण मी मोजत होतो. इतक्या वर्षांत लोरीनने बटाट्यांवर मिऱ्याखेरीज काही घातलेले मी पाहिले नव्हते. केचपला ती "शाळेतल्या पोरांचं औषध" म्हणे. ही तिसरी नोंद. तीन नोंदी एका दिशेने जातात तेव्हा त्याला सिद्धता म्हणत नाहीत. पण माणूस घरी जाताना गाडी हळू चालवतो.

पुढच्या गुरुवारी तिने केचप मागितले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. आवड बदलते, हेही शक्य आहे. वयाबरोबर जिभेची संवेदना मंदावते, हे मी शाळेत शिकवलेले आहे. म्हणून मी निष्कर्ष काढला नाही.

जूनच्या सुरुवातीला पेपरात बातमी आली. मॅलिकच्या पायाच्या मधल्या हाडात केसासारखी चीर होती. शस्त्रक्रिया झाली होती आणि पुढचा सबंध मोसम तो खेळणार नव्हता. गुरुवारी व्हर्लिन पेपर घेऊनच आला. बसला नाही. टोपीही काढली नाही.

"लोरीन," तो म्हणाला, "तुला माहीत होतं?"

नेडाने तव्यावर उलथने आपटले.

"पुन्हा?" व्हर्लिन म्हणाला. "एवढंच विचारतोय. पुन्हा?"

लोरीनने तोंड उघडले. पण मधेच बर्लने काटा आपटला. "काय बोलतोस, म्हाताऱ्या? माहीत असतं तर ही बया बसली असती होय अशी? आठवतंय का, मी तिला पार कोपऱ्यात घेतलं होतं, आणि हिचं लक्ष कुठे, तर बटाट्यांत! सबंध गडी ओतून घेतला पानात. आजही बघ." त्याने तिच्या ताटाकडे बोट दाखवले. बटाटे लाल होते. "ही केचपशिवाय जेवत नाही, आणि तू म्हणतोस गुपित!"

व्हर्लिनने ताटाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग खुर्ची ओढून बसला आणि पेपर उलगडून खालचा भाग मोठ्याने वाचू लागला. त्यात मॅलिकने म्हटले होते, "आजीला मी स्वतः गाडीने गॅरी शहरात तिच्या घरी जाऊन सांगितलं. तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर मला चाललं नसतं. मग संघाला सांगितलं."

"चांगलं केलं पोराने," व्हर्लिन म्हणाला. त्याने चष्मा पुसला. "चांगलं केलं. आजीला आधी."

"हो," लोरीन म्हणाली.

मग मधल्या जागेवर मोहरीची पिवळी बाटली आली. ती उंचीला कमी पडत होती आणि यावरच बर्लने अख्खा उन्हाळा काढला.

नोव्हेंबरात, मोसम सुरू झाल्यावर, एका मंगळवारी मी दाताच्या दवाखान्यातून परतत होतो. मंगळवारी आमच्यापैकी कोणी खानावळीत जात नाही. खिडकीतून लोरीन दिसली, निळ्या इस्पितळी कपड्यांत, काउंटरवर एकटीच. तिच्यासमोर अंडी आणि बटाटे होते. केचपची बाटली तिने हाताच्या अंतराच्याही पलीकडे, नॅपकिनच्या डब्यामागे सरकवून ठेवली होती. तिने मिऱ्याची डबी उचलली, बटाट्यांवर सावकाश फिरवली, एक घास खाल्ला आणि डोळे मिटले. मी पाहिले तेवढे पुरेसे होते. मी आत गेलो नाही.

त्या गुरुवारी व्हर्लिन नेहमीसारखा आधीच येऊन बसला होता. मॅलिक आता कुबड्यांशिवाय चालतो, त्याने स्वतः पाहिले, असे तो सांगत होता. राष्ट्रीय स्पर्धा पुढच्या वर्षी नाही, तर त्याच्या पुढच्या वर्षी. बर्ल म्हणाला, तोवर त्याला पळवतील. व्हर्लिन म्हणाला, आजी आहे. ताटे आली. लोरीनने टेबलावर नजर फिरवली. बाटली माझ्या कोपराशी होती.

तिने मागायच्या आत मी ती तिच्याकडे सरकवली.

लोरीन माझ्याकडे पाहत राहिली. मी माझे अंडे कापत होतो.

"मास्तरांना कसं कळलं तुला काय हवंय ते?" बर्लने विचारले.

"डॉक्टर सांगतील," मी म्हणालो.

लोरीनने झाकण काढले, बाटली उलटी केली आणि बुडावर तळवा मारला. मग काटा घेतला आणि एकही तुकडा मागे न ठेवता सगळे बटाटे संपवले.