हातांना मिळालेली उसंत

संधिवात जडल्यापासून नूतनच्या बोटांची सकाळी मूठ वळत नसे. धुळ्यात देवपूरच्या शाळेत शिकवताना हातातला खडू निसटायचा. मूल हवं म्हणून डॉक्टर मृणालींनी बाळाला न चालणाऱ्या गोळ्या आधीच बंद केल्या होत्या. आता दुखणं वाढणार, असं तिने धरूनच ठेवलं होतं. पण दिवस गेल्यावर चौथ्या महिन्यात एकदा तिने ओली चादर करकचून पिळली, दोरीवर टाकली, आणि मग लक्षात आलं की हात दुखलेच नाहीत.

मृणालींना नवल वाटलं नाही. त्यांनी समजावलं, की बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला निम्मं परकं. तरी ते त्याला बाहेर काढू पाहत नाही. शरीरातली परक्यावर तुटून पडणारी शक्ती या काळात बाळापुरतं आवरतं घेते. पुरती झोपत मात्र नाही. नूतनच्या सांध्यांवर चुकून तीच उठली होती. त्या शक्तीने हात आखडता घेतला तसा सांध्यांनाही आराम पडला. सगळ्याच बायकांना असा आराम मिळत नाही. ज्यांना मिळतो, त्यांचंही दुखणं बाळंतपणानंतर बहुधा परततं.

आखाजीच्या सणाला नूतन भडगावला सासरी गेली आणि तिने खापरावर मांडे केले. हातांवर झुलवत मोठी होणारी पोळी सासूबाई, द्रौपदाबाई, डोळे भरून बघत राहिल्या.

"हात बरा व्हई ग्यात ना तुना," त्या म्हणाल्या. "आते परत गोया कसाले?"

"आई, हे बाळामुळे आहे. दुखणं परत येईल. आलं की मी लगेच औषध सुरू करणार."

द्रौपदाबाईंना ते अभद्र वाटलं. दोन दिवस त्या सुनेशी मोजकंच बोलल्या. नूतनने मनाला लावून घेतलं नाही. अंगावर पाजताना कोणती औषधं चालतात ते तिने विचारून ठेवलं. भूषणला, नवऱ्याला, बाहुलीवर लंगोट बांधायला शिकवलं. तो आधी हसला, मग शिकला.

मुलगी झाली. सहाव्या आठवड्यात एका सकाळी नूतनला झबल्याचा बंद सोडवेना. बोटं सुजली होती. ती घाबरली नाही. भूषणच्या हाती मुलगी दिली आणि मृणालींना फोन लावला. औषध त्याच दिवशी सुरू झालं. पुढचे दोन महिने मुलीला अंघोळ भूषण घाली आणि पाजायला नूतनच्या मांडीवर भडगावहून मदतीला आलेल्या द्रौपदाबाई ठेवत. सूज हळूहळू उतरली. पूर्ण गेली नाही, पण नूतन पुन्हा शाळेत जाऊ लागली.

एकदा नूतनच्या तपासणीला द्रौपदाबाईही सोबत गेल्या. परतताना रिक्षात साडी सावरत त्या हळूच म्हणाल्या, "मना गुडघा बी दखाडू का तुना डॉक्टरले?"

नूतनने रिक्षावाल्याला तिथूनच माघारी वळायला सांगितलं.