बारा देवांचा निरोप

बाळांनो, माझ्याबरोबर जरा मनातल्या मनात बघा: अमिरातीतल्या अल ऐन शहरातल्या एका फ्लॅटचं स्वयंपाकघर, आणि ओट्यावर कणकेचे बारा ग्रीक देव वाळत पडलेत. झ्यूस हळदीने पिवळा, युद्धाचा देव एरीस कुंकवाने लाल, ज्ञानाची देवी अथीना, तिचं घुबड तर थेट उंदरासारखं.

ते केले होते नऊ वर्षांच्या पर्णिकाने. उद्या वर्गात तिने बारा देवांची ओळख करून द्यायची आणि तिची मैत्रीण खतीजाने शेवट सांगायचा: पुढे ग्रीक लोक एकच देव मानू लागले.

"लास्ट में सबको डस्टबिन में डालेंगे. खलास!" खतीजा म्हणाली.

पर्णिकाचा चेहरा उतरला. "नो! दे आर गॉड्स."

"आटा है, पागल."

"स्टिल!"

"तो फिर अकेली कर," म्हणत खतीजा फुरंगटून निघून गेली.

पर्णिका डोळे पुसत जगन्नाथ आजोबांपाशी आली. ते पुण्याहून नातीकडे राहायला आले होते. "आजोबा, डिड दे रिअली थ्रो देम?"

"एका दिवसात नाही गं," आजोबा म्हणाले. "आधी काही विचारी माणसं म्हणू लागली, देव आपल्यासारखे भांडखोर कसे असतील? सगळ्यांच्या मागे एकच असणार. तरी घरोघरी दिवे लागतच होते. अशी शेकडो वर्षं गेली. मग ख्रिस्ती धर्म पसरला, रोमन सम्राटांनी देवळं बंद केली. काही मोडली, काहींची चर्च झाली."

"अँड नोबडी सेड बाय?"

आजोबा म्हणाले, "म्हणालं असेल कुणीतरी. एखाद्या आईने मूर्ती पुसून, नमस्कार करून ठेवली असेल. ते कोण लिहून ठेवणार?"

पर्णिकाला घरचा गणपती आठवला. अल ऐनला नदी नाही, समुद्रही लांब. म्हणून तिच्या घरचा शाडूचा गणपती दरवर्षी बाल्कनीत, बादलीतच विसर्जित होई आणि ते पाणी कुंड्यांना घालत.

तिने खतीजाला फोन लावला. "एंडिंग तुझाच. बट नो डस्टबिन. वी विल पुट देम इन वॉटर. नीट, बाय म्हणून."

पलीकडून खतीजा म्हणाली, "क्लास में? टीचर चिल्लाएगी."

"लेट हर."

"...छह मैं डुबाऊँगी. बकेट कौन लाएगा?"

"मी!"

फोन ठेवून पर्णिका न्हाणीघरात गेली, निळी बादली ओढून घेतली आणि आई गणपतीच्या विसर्जनाआधी घासते तशी, बाह्या वर करून, खसाखसा घासू लागली.