पत्रिका न मिळालेलं गिऱ्हाईक

कारंजा घाडग्याच्या बंडूजी धोट्यांनी वेबसाइट काढली, तेव्हा तिच्या पत्रिका छापल्या. चांगल्या पाचशे. वर गणपती, खाली डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यूपासून सुरू होणारा पत्ता आणि मधे, 'तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार भेट देऊन आम्हांस उपकृत करावे.' 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे छापखान्याने आपणहून टाकलं होतं. पाकिटात हळदीच्या अक्षता होत्याच.

यात तशी बंडूजींची चूक नव्हती. बस स्टँडसमोर सायबर कॅफे चालवणारा प्रफुल त्यांना म्हणाला होता, "काकाजी, साइट बनवनं सोपं हाय. तिच्यावर व्हिजिटर आननं कठीन हाय." बंडूजींना हसू आलं. तीन बहिणींची लग्नं त्यांनी उरकली होती आणि एकाही पंगतीत पत्रावळ रिकामी राहिली नव्हती. माणसं आणणं ही त्यांची अडचण कधीच नव्हती.

अडचण होती बावीस हजार कलमांची.

जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधायचा, वर्षभर त्याचे लाड करायचे आणि दुसऱ्या पावसाळ्यात विकायचं, हा बंडूजींचा धंदा. पण कारंज्यात कलम विकायला बसणं म्हणजे नदीकाठी पाण्याची टपरी टाकणं. ज्याच्या त्याच्या बांधाला नर्सरी. गिऱ्हाईक लागतं ते बाहेरचं, राजस्थानातलं नाहीतर माळव्यातलं, जिथे संत्र्याचं वेड नवीन आहे आणि अजून उतरलेलं नाही. हे गिऱ्हाईक आजवर ताराचंद दलाल ट्रकसकट आणून शेतात उभं करायचा. चौदा वर्षांत बंडूजींनी एकाही गिऱ्हाइकाशी 'या बसा' आणि 'चहा घ्या' यापलीकडे बोलणं केलं नव्हतं. पुढचं सगळं ताराचंद बोलायचा. सन दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात ताराचंदने हायवेला लागून स्वतःचीच नर्सरी टाकली आणि बंडूजींना ते मोकळ्या मनाने सांगितलंही. "बंडूजी, तुमचा माल एक नंबर हाय. पन गिऱ्हाईक माया दारावरून पुढं सरकन तवा ना!"

पोळ्यापर्यंत कलमा हलल्या नाहीत, की लावणीचा हंगाम गेला. मग त्या उपटून बांधावर टाकायच्या. एका वर्षी चार हजार टाकाव्या लागल्या होत्या. त्या आठवड्यात बंडूजी शेताच्या वाटेने गेले नाहीत, लांबून फिरून गेले. या बावीस हजार होत्या.

तर साइट आषाढातल्या एका बऱ्या दिवशी सुरू झाली. पहिल्या पानावर बंडूजींचा फेट्यातला फोटो, शेजारी कौशल्याबाई, त्यांच्यामागे वर्ध्याला कॉलेजात शिकणारी मुलगी अंजू, आणि उरलेल्या जागेत एक कलम. पानाच्या तळाशी प्रफुलने एक मीटर बसवलं होतं. येणाऱ्या प्रत्येकामागे आकडा एकाने पुढे जायचा. शून्य पाहिलं की लोक बिचकतात म्हणून त्याने ते पाचशे एकपासून सुरू केलं. शकुनाचा आकडा असल्याने बंडूजींनीही हरकत घेतली नाही. त्याखाली एक अभिप्रायाची वही होती. आलेल्याने तीत नाव, गाव, फोन नंबर आणि काय वाटलं ते लिहायचं.

लोक आले. पत्रिका हातात पडल्यावर न जाणं शोभत नाही. हिंगणीहून मामेसासरे एसटीने आले, मावसबहिणीचं कुटुंब जीप करून आलं. प्रफुलच्या तीन कॉम्प्युटरसमोर रांग लागली. भेटीला आलेलं माणूस कोरडं कसं जाऊ द्यायचं, म्हणून कौशल्याबाई रोज दुपारी कॅफेत चिवडा आणि चहाचा थर्मास पोचवू लागल्या. नात्यातल्या सुना साइट पाहताना डोक्यावर पदर घेत, कारण फोटोतले बंडूजी त्यांना सासरे लागत. वही भराभर भरत गेली. 'फोटो छान आला. वहिनी वाळल्या.' 'पत्रिका उशिरा मिळाली, तरी राग न मानता आलो.' 'साइट उत्तम. चहात साखर कमी.' 'आहेर आणू नये असे छापल्यामुळे आणला नाही. आशीर्वाद.'

बारा दिवसांत मीटर एकोणीसशेच्या वर गेलं. कारंज्यातल्या कुठल्याही लग्नात इतकी माणसं झाली नव्हती, आणि त्यातल्या काही लग्नांत बैलजोडी पळवता येईल एवढा मांडव होता. ताराचंद पानठेल्यावर भेटला.

"लय गर्दी हाय म्हनते बंडूजी तुमच्या साइटवर. कलमा किती गेल्या?"

"जातीन ना. आधी मानसं तं येऊ द्या."

रोज संध्याकाळी बंडूजी कॅफेत जात. प्रफुल वहीतली त्या दिवसाची नावं कागदावर काढून देई आणि बंडूजी ती पत्रिकेच्या यादीशी ताडून पाहत. आलेल्यापुढे बरोबरची खूण. न आलेल्याला घरी गेल्यावर फोन.

"अण्णाजी, काऊन बाप्पा, आमचा काई राग आला का?"

वडनेरचे चुलतभाऊ अण्णाजी पलीकडून म्हणत, "अरे नाई रे बंडू. गुडघा धरला हाय. सोमवारी येतो, साइट बंद नोको करजो तवरीक."

पाचव्या-सहाव्या दिवसापासून त्या कागदावर न जुळणारी नावं दिसू लागली. बंडूजींनी एकावर बोट ठेवलं.

"हा रामनिवास पाटीदार कोन हाय?"

"झालावाडचा दिसते, काकाजी. राजस्थान."

"आपन पत्रिका देल्ती का त्याले?"

"नाई."

"मंग लिवलं काय त्यानं?"

"भाव इचारून राह्यला. पाच हजाराच्या वर घेतल्या तं काई कमी होईन का म्हनते."

बंडूजींनी चष्मा काढला. लग्नात बिनबोलावता जेवून जाणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते आणि त्यांना आग्रहाने वाढलंही होतं. पण पंगतीत बसून ताटाचा भाव विचारणारा त्यांना अजून भेटला नव्हता. मामेसासऱ्यांच्या आशीर्वादाखाली लागूनच त्याने हे लिहिलं होतं. उद्या अण्णाजी गुडघा धरून येतील आणि नेमकं हेच वाचतील. गिऱ्हाईक कसं असतं हे बंडूजींना माहीत होतं. ते ट्रकमधून येतं आणि त्याच्यापुढे ताराचंद चालतो. वहीत लिहिणारं गिऱ्हाईक असतं, असं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

"पुस त्याले," ते म्हणाले.

प्रफुलच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण पत्रिका निघाल्यापासून त्याचा धंदा तिपटीवर गेला होता, आणि चिवडाही होता. त्याने पुसलं.

असे अकरा जण पुसले गेले. पाटीदार चिवट निघाला. त्याने दुसऱ्यांदा लिहिलं, तेही पुसलं. तिसऱ्यांदा लिहिलं, 'महाराज, मेरा नाम क्यों मिटाते हो? कोई भूल हुई हो तो क्षमा।' बंडूजींनी ते दोनदा वाचलं. माणूस चांगल्या घरचा वाटला. पण एकाला ठेवलं की बाकीच्यांना काय तोंड दाखवायचं, म्हणून तेही पुसायला सांगितलं.

नागपंचमीला अंजू वर्ध्याहून घरी आली. पोळ्याला तीन आठवडे राहिले होते. कलमा कमरेला लागल्या होत्या.

"बाबा, किती गेल्या?"

"दोनशे. अण्णाजीनं नेल्या."

"पैशानं?"

"घरचा मानूस हाय, अंजू."

दुसऱ्या दिवशी अंजू कॅफेत जाऊन बसली. वहीत जे लिहिलं जाई, त्याची एक प्रत साइटच्या ई-मेलवर जात होती. तो डबा सुरू झाल्यापासून कोणी उघडला नव्हता. पत्र आलं की पोस्टमन सांगतोच, अशी बंडूजींची समजूत होती. अंजूने दोन तास खपून आशीर्वाद बाजूला केले आणि उरलेली अकरा नावं एका पाठकोऱ्या कागदावर उतरवून घरी आणली. बंडूजी ओसरीवर होते. तिने एकेक वाचून दाखवलं. झालावाड, सात हजार. आगर, तीन हजार. शाजापूर, लिंबूही ठेवता का.

"हे गिऱ्हाईक होते, बाबा."

"मंग तसं सांगाव ना त्याईनं!"

"सांगतलं ना. एकानं तं तीनदा सांगतलं. तुमी तीनदा पुसलं."

आतून कौशल्याबाई म्हणाल्या, "आन् मी तिकडं चिवडा धाडून राह्यली. चांगला साडेतीन किलो पोह्याचा."

अंजूने घरच्या फोनवरून एकेकाला लावला. चौघांनी दुसरीकडून घेतल्या होत्या, त्यातल्या दोघांनी ताराचंदकडून. तिघांनी उचलला नाही. दोघांना यंदा नको होत्या. शाजापूरला लिंबूच हवं होतं. पाटीदारने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बेटी," तो म्हणाला, "मैं तो समझा, तुम लोगों के पास माल है ही नहीं। सिर्फ रिश्तेदार हैं।"

पुढच्या गुरुवारी येऊन पाहतो, असं तो म्हणाला.

गुरुवारच्या आधी अंजूने साइट मोडून पुन्हा मांडली. मीटर काढलं, वही काढली, फोटो काढला. सगळा मजकूर हिंदीत केला. पहिल्याच पानावर कलमांचे चार फोटो, डोळा कुठे बांधला ते दिसेल असे. त्याखाली तीन प्रश्न होते. जिल्हा कोणता, जमीन किती एकर, पाण्याची सोय काय. त्यांची उत्तरं दिल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं.

"असं इचारलं तं लोकं येतीन काऊन?" बंडूजींनी विचारलं.

"येऊ नाई म्हूनच इचारलं, बाबा."

हे बंडूजींना झेपलं नाही. दारात येणाऱ्याला आधी पाण्याची सोय विचारायची, ही रीत त्यांनी कुठल्याच घरी पाहिली नव्हती. त्या संध्याकाळीच अण्णाजींचा फोन आला.

"बंडू, गुडघा घेऊन एवढा दूर गेलो. तुयी साइट मले हिंदीत बोलून राह्यली. आन् पानी किती हाय म्हनते! तुले मायी इहीर मालूम नाई का?"

"पोरीनं केलं, अण्णाजी."

"आमाले नोको सांगू. येवढंच होतं तं पत्रिका काऊन देल्ती?"

रोजच्या भेटी दीडशेवरून तीनवर आल्या. पानठेल्यावर लोक जपून विचारू लागले, "बंद पडली का हो?" बंडूजी 'काम सुरू हाय' म्हणत आणि सुपारी न घेताच निघत. दोन दिवस ते कॅफेसमोरून गेलेच नाहीत. रात्री जेवताना त्यांनी अंजूला एकदा म्हटलं, निदान फोटो तरी ठेवायचा होता. अंजू म्हणाली, कलमांचा आहे. त्यावर त्यांनी भाजी मागितली.

गुरुवारी दुपारी पाटीदार ट्रकमधून उतरला. साठीचा, काटक, डोक्याला आखूड पागोटं, सोबत त्याचा माळी. त्याच्यापुढे कोणी चालत नव्हतं, हे बंडूजींच्या लगेच लक्षात आलं आणि ते थोडे गोंधळले. कौशल्याबाईंनी पोहे केले होते, वरणभात शिजत होता.

"आइए, बैठिए," बंडूजी म्हणाले. "घर में सब कैसे हैं? कितने भाई हैं आप?"

"पहले माल देख लूँ," पाटीदार म्हणाला आणि चालू लागला.

वाफ्यात तो उकिडवा बसला. एका कलमाच्या सांध्यावर नख लावून साल किंचित खरवडली, खालची हिरवाई पाहिली. विचारून एक उपटलं आणि मुळं बोटांत धरून पाहिली.

"आँख कितनी ऊँचाई पर बाँधी?"

"एक बित्ता. उसके नीचे नाई बाँधता मैं. बारिश का पानी उडता, मिट्टी लगती. फिर सडता."

पाटीदारने मान वर केली. "और आँख ली किस पेड़ से?"

चौदा वर्षांत हे बंडूजींना कोणी विचारलं नव्हतं. ताराचंदने भाव सांगितला, गिऱ्हाइकांनी मान हलवली, बहिणींनी फोटो चांगला आला म्हटलं. इतक्या भेटींत कलमाच्या फोटोविषयी एक अक्षर कोणी लिहिलेलं नव्हतं, हे बंडूजींना आत्ता आठवलं.

"दिखाता," ते म्हणाले.

ते त्याला मागच्या बगिच्यात घेऊन गेले. तिथे सात झाडं होती. डोळे फक्त त्यांचेच घ्यायचे. कोणत्या झाडाची साल पातळ आहे, कोणत्याच्या फळाला बी कमी, कोणतं एका वर्षी आजारी पडलं आणि तेव्हापासून त्याचा डोळा घेणं का सोडलं, हे बंडूजी आपल्या हिंदीत सांगत राहिले. पाटीदार मधेमधे आडवे प्रश्न विचारत होता आणि त्यातल्या एकावर दोघांचा चांगला वादही झाला. घरातून दोनदा बोलावणं आलं. दोघांनीही ऐकलं नाही.

शेवटी पाटीदारने सातऐवजी चौदा हजार घेतो म्हणून सांगितलं. अर्ध्या कलमा त्याच्या शेजारच्या गावातल्या भावासाठी. मजूर लागले, ट्रक भरला, वर ओली पोती पडली. ऊन उतरण्याआधी निघायचं म्हणून त्याने उभ्याउभ्या फक्त पाणी घेतलं आणि ट्रक अमरावतीच्या अंगाने हायवेला लागला.

कौशल्याबाई दारात आल्या. ताटं वाढून झाकून ठेवलेली होती.

"अवो, पावना उपाशी गेला! तुमी तरी आवाज द्याव ना. कोन होता, कोनाचा होता, काई इचारलं का?"

"नाई इचारलं," बंडूजी म्हणाले. "त्यानंच इचारलं सारं."

मग ते ओसरीवर बसले आणि चप्पल तशीच पायात ठेवून त्यांनी अंजूला हाक मारली. सात हजार आठशे उरल्या होत्या आणि पोळ्याला तेरा दिवस होते. त्या दिवशी ज्या तिघांनी फोन उचलला नव्हता, त्यांना पुन्हा लावायचा होता.

"लाव," ते म्हणाले. "आन् रिंग वाजली का मले दे. मीच बोलतो."